वरच्या मजल्याचं मीटर

सीपरी बाजार, झाशी
१४ जून

तीर्थस्वरूप अनुताईस,

धाकट्या शकूचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात बसूनच केला आहे. वाकले तर उठवायला दोन मुली लागतात आणि दोघीही आत्ता कॉलेजात गेल्या आहेत.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे झाशीच्या जून महिन्यात जितकं असू शकतं तितकं. तुझी कंबर कशी आहे? ग्वाल्हेरला उकाडा किती, हे विचारत नाही. पियुषने घरभर एसी लावल्यापासून तुला उकाडा वर्तमानपत्रातूनच कळत असेल. सूनबाईंना आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. एक तर तुझा फोन सूनबाई उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात. दुसरं म्हणजे आमच्याकडे फोन चार्ज करण्यावर निर्बंध आहेत. ते मीच घातले. त्याचीच ही हकिगत.

बासष्टाव्या वर्षी मी एलएलबीला नाव घातलं तेव्हा घरात काय गहजब झाला तो तुला ठाऊक आहे. आदित्यने पुण्याहून एवढंच विचारलं, की आई, तुला नक्की कोणावर केस करायची आहे? पहिला महिनाभर मी बबीन्याच्या घरून बसने ये-जा केली. हजेरी पूर्ण भरली, पण गुडघे रिकामे झाले. मग इथे सीपरी बाजारात एका घराचा वरचा मजला मुलींना देतात असं कळलं, तिथे एक खाट घेतली. मालकांनी मला पाहून विचारलं, "मुलीला सोडायला आलात का?" मी म्हटलं, मुलगी मीच आहे. त्यावर त्यांनी माझं कॉलेजचं ओळखपत्र चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

माझ्याबरोबर दोघी राहतात. चारुता सागर शहरची. आपल्यासारखंच जुनं मराठी घराणं, पण मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला हिंदीचा टेकू लागतो. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि बल्ब बदलायचा झाला तर मला हाक मारते. (तिचं म्हणणं, बल्ब त्यांना चौथ्या वर्षात आहे.) दुसरी रेवा, जालौनच्या देवळातल्या पुजाऱ्यांची मुलगी. बीएस्सी करते. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर ती हिंदीतच देते आणि तेही विचारलं तरच. इतकी गुणी मुलगी, की पंख्याखालीसुद्धा संकोचून बसते. घरमालक बापूराव खाली एकटेच राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, पण रेल्वे त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. जिन्यापासून न्हाणीपर्यंत त्यांच्या हातच्या सूचना चिकटवलेल्या आहेत: 'जाते समय पंखा बंद करें', 'बाल्टी भरने पर नल बंद करें', आणि आरशावर 'आवश्यकता से अधिक न देखें'. या शेवटच्या सूचनेचा विजेशी काय संबंध, ते मी विचारलं नाही. मी कोणाच्या भानगडीत पडत नाही, हे तुला माहीत आहेच.

बापूरावांची गल्लीत मोठी कीर्ती आहे. त्यांच्या पत्नी रुक्मिणीवहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या नावाने या मार्चमध्ये बापूरावांनी फाटकाबाहेर थंड पाण्याची मशीन लावली, संगमरवरी पाटीसकट. पाणपोईच ती, इथे प्याऊ म्हणतात. ऑटोवाले, भाजीवाल्या, शाळेतून येणारी पोरं, सगळी तिथे पाणी पितात आणि वर बघून हात जोडतात. बापूराव खुर्ची टाकून बसलेले असतात. ते मान तुकवून नमस्कार वहिनींच्या वतीने स्वीकारतात.

आमच्या मजल्याला वेगळं छोटं मीटर आहे, जिन्यात, बापूरावांच्या मीटरशेजारी. ते जे दाखवेल ते आम्ही तिघींनी वाटून बापूरावांना द्यायचं. मार्चपासून ते बिल वाढायला लागलं. एप्रिलात इतकं वाढलं, की चारुताने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या केस वाळवायच्या यंत्राकडे पाहिलं, आणि दोघींच्या भांडणात रेवा आपली पत्र्याची पेटी भरायला बसली. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "भैया कहते हैं, घर बैठकर पढ़ लो। वहाँ तो बिजली ही इतनी फूँक रही हो।" तिच्या भावाची समजूत, की पोरगी शहरात जाऊन चैन करते आहे. (तिची चैन म्हणजे एक टेबल-लॅम्प, त्यालाही टोपी घातलेली.) मेअखेर वडील येऊन घेऊन जाणार, असं ठरलंही होतं. ते ऐकल्यावर माझ्याने राहवेना. मी जाहीर केलं, की मेचं बिल मी अर्ध्यावर आणून दाखवते, पेटी तोवर खाटेखाली राहू दे.

पहिल्यांदा मी फ्रिज बंद केला. आपण लहानपणी फ्रिजवाचून मेलो नाही, असं भाषणही दिलं. पहिल्या दिवशी दूध नासलं, त्याचं पनीर केलं. दुसऱ्या दिवशी पनीर नासलं, त्याचं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. पण थंड पाण्याची अडचण पडली नाही. सकाळ-संध्याकाळ आम्ही सहा-सहा बाटल्या घेऊन खाली जायचो आणि बापूरावांच्या मशीनवर भरून आणायचो. बापूराव कौतुकाने बघायचे. "घ्या, घ्या, रुक्मिणीचंच पाणी आहे," म्हणायचे. मी मुलींना सांगितलं, बघा, जगात अजून अशी माणसं आहेत. कृतज्ञ राहायला शिका. चारुता रोज नळापुढे हात जोडायला लागली.

मग कूलरचा विषय निघाला. झाशीच्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. माहेर विसरली नसशील. मी खसाचे, म्हणजे वाळ्याचे, पडदे आणले, खिडक्यांना टांगले आणि पाणी मारायची पाळी लावली. वास असा सुटला, की आजोळच्या उन्हाळ्यांची आठवण यावी. चार दिवस आम्ही त्या वासात सुखाने घामाघूम झालो. पाचव्या दिवशी चारुता वहीत काहीतरी मांडून माझ्यापुढे उभी राहिली. पडद्यांवर मारायला जे पाणी लागतं त्याने वरची टाकी दिवसातून दोनदा रिकामी होते, ती भरायला पंप दोनदा चालतो, आणि पंप आपल्या मीटरवर आहे. म्हणजे कूलर चालवला असता तर स्वस्त पडलं असतं. इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत तिने पहिल्यांदा काहीतरी मांडलं आणि ते माझ्याविरुद्ध निघालं. पडदे उतरवले. पुराव्याची किंमत मला कळते.

सौरचुलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण विषय दुःखाचा आहे. बबीन्याच्या माळ्यावर ह्यांनी कधीकाळी घेतलेली सौरपेटी होती, आत आरसा बसवलेली. ती ऑटोत घालून आणली आणि गच्चीवर मांडली. वरण सकाळी आठला लावायचं, दर अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे फिरवायची. एक दिवस माझं लेक्चर होतं, म्हणून काम रेवाकडे सोपवलं. तिचं प्रॅक्टिकल निघालं, तिने चारुताला सांगितलं, आणि चारुता झोपली. माकडांनी पेटी उघडली. वरण त्यांना आवडलं नसावं, कारण ते सगळं बापूरावांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर सापडलं. आरसा मात्र एक माकड घेऊन गेलं. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून ते बराच वेळ त्यात बघत होतं, आवश्यकतेपेक्षा अधिक.

एवढं सगळं सोसून मेच्या मध्यावर रीडिंग पाहिलं, तर रोजचा खप एप्रिलपेक्षा वरच. ताई, मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर चुकलं तर मांडणी तपासावी, एवढं मला येतं. एका रविवारी सकाळी मी फर्मान काढलं, की घरातली प्रत्येक वस्तू बंद. मग चारुताने वरचा मेन स्विचही पाडला. तिघी जिन्यात जाऊन मीटरपुढे उभ्या राहिलो. मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता, अगदी मजेत.

"आंटी," चारुता कुजबुजली, "आपल्या मेनच्या पहले कोई और जुड़ा हुआ है।"

तिने पहिल्यांदाच इंजिनिअरसारखा चेहरा केला. मीटरच्या खाली आमचा कटआउट, म्हणजे फ्यूजचा ठोकळा होता, तो तिने ओढून काढला. (माझा रबरी चपलेचा जोड तिने पायांत आणि माझे भांडी घासायचे रबरी मोजे हातांत घातले होते. विद्या अजून कोवळी आहे.) दिवा विझला. आता ज्याची वीज गेली तो ओरडेल, असा आमचा हिशेब. आम्ही कान देऊन उभ्या राहिलो. खाली बापूरावांचा पंखा फिरतच होता, रेडिओवर भजन चालू होतं. शेजारी कोणी हूं की चूं केलं नाही. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. पायांना मुंग्या आल्या म्हणून मी पायरीवर बसले आणि चारुताचं शास्त्र खोटं ठरलं असं मनाशी म्हणायला लागले. तासाभराने फाटकाशी रामसेवक ऑटोवाला आला, ग्लास भरला, तोंडाला लावला आणि तोंड वाकडं करून वर बघत ओरडला, "अम्मा जी! आज माता जी का पानी गरम काहे आ रहा है?"

चारुताने कटआउट परत खोचला. बाहेर मशीन घुर्र करून सुरू झाली आणि इथे लाल दिवा लुकलुकायला लागला. ज्या नळापुढे आम्ही रोज हात जोडत होतो, तो आमच्याच पैशांवर चालला होता.

मी वर जाऊन नोटीस लिहिली. 'माझ्या अशिलांच्या वतीने' अशी सुरुवात केली. अशील दोघी खाटेवर बसून मला शब्द सुचवत होत्या. 'विश्वासघात' लिहिलं, 'अनधिकृत विद्युतजोडणी' लिहिलं, 'सात दिवसांच्या आत' हे दोनदा लिहिलं. ती पर्समध्ये घातली आणि खाली उतरले. बापूराव ओल्या फडक्याने वहिनींची पाटी पुसत होते.

"बापूराव, ही मशीन कुठल्या मीटरवर आहे?"

"माझ्या. आणखी कोणाच्या?" ते उलट खुशीत आले. "आणि एक सांगतो शकुंतलाबाई, मार्चपासून चालू आहे, पण माझं बिल म्हणून वाढलं नाही. सगळी रुक्मिणीची कृपा."

"रुक्मिणीवहिनींची नाही," मी म्हटलं, "रेवाची."

त्यांना कळायला वेळ लागला. मी त्यांना जिन्यात नेलं, चारुताने कटआउट काढून दाखवला, लावून दाखवला. मग बापूराव फडकं हातात तसंच धरून पायरीवर बसले. "मी वायरमनला एवढंच म्हटलं होतं, भैया, पास वाले मीटर से जोड़ दो।" पुढे म्हणाले, "त्याने जवळचं म्हणून तुमचंच धरलं. गल्लीभर सांगत सुटलो हो मी. तिला लबाडी अजिबात खपायची नाही. रेल्वेचा पासही ती मोजून वापरायची." त्यांचे डोळे भरून आले होते. माझी नोटीस पर्समध्येच राहिली. वर्गात आम्हाला सांगतात, की नोटीस बजावताना समोरच्याच्या तोंडाकडे बघू नये. ते का सांगतात, हे त्या दिवशी समजलं.

त्या संध्याकाळी वायर त्यांच्या मीटरवर गेली. तीन महिन्यांचं जे आमचं निघत होतं, ते देऊ लागले. पण चारुता आणि मी ठरवलं, की आमच्या वाट्याचंही रेवाच्या भाड्यात धरा. (चारुता हे ठरवताना बरंच सुस्कारत होती, पण ठरवलं.) दिवाळीपर्यंत तिच्या वडिलांना भाडं धाडायला नको. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं, मुलीने चैन केलेली नाही असं, आणि तिच्या भावालाही वेगळं लिहिलं, त्यात थोडा कायदा घातला. रेवाने पेटी रिकामी केली. पहिल्यांदा मला ती मराठीत काही म्हणाली: "आई, चहा करू?" मी तिची आई नाही, आंटी आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर तुला पोस्टकार्डावर कळवली असती. वायर हलवून आठ दिवस झाले आणि बापूरावांनी स्वतःच्या मीटरचं रीडिंग घेतलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर सूचना चिकटली: 'एक व्यक्ति, एक गिलास'. तिसऱ्या दिवशी: 'बोतल भरना मना है'. पाचव्या दिवशी: 'मशीन विश्राम – दोपहर १२ से ४'. ताई, बारा ते चार! झाशीत पाणी प्यायचं दुसरं वेळापत्रक तरी आहे का? भर उन्हात भाजीवाल्या येऊन कोमट पाणी पिऊन जायला लागल्या. कोणी हात जोडेना आणि बापूराव खुर्ची घेऊन आत बसायला लागले. रामसेवक जिना चढून आमच्याकडे आला. म्हणाला, "अम्मा जी, आपने तो न्याय करवा दिया। पहले वाला अन्याय ही ठीक था।"

मी त्याला पेन्शनवाल्या माणसाची बाजू समजावून सांगितली. तो गेल्यावर आम्ही जेवायला बसलो, तर रेवा ताटाकडे बघत म्हणाली, "बारह से चार हम दे देते हैं न। उस टाइम तो हम तीनों कॉलेज में होते हैं।"

"घरी काय सांगशील?" मी म्हटलं. "आत्ता कुठे त्यांची खात्री पटली आहे."

"पापा गर्मी में मंदिर के बाहर मटके रखते हैं," ती म्हणाली. "वो समझ जाएँगे। भैया को आप चिट्ठी लिख दीजिए, आपसे डरते हैं।"

तेव्हा मी आयुष्यातला पहिला करारनामा लिहिला. कलम एक: मशीन बारा ते चार वरच्या मजल्याच्या मीटरवर आणि बाकी वेळ खालच्या मीटरवर चालेल, त्यासाठी लागणारी कळ बापूराव बसवतील. कलम दोन: टाकीचा पंप यापुढे बापूरावांच्या मीटरवर राहील. कलम तीन: यापुढे कोणतीही सूचना दोन्ही पक्षांच्या सह्यांशिवाय चिकटवली जाणार नाही. पंपाला बापूराव मुकाट्याने तयार झाले. कलम तीनवर मात्र दोन दिवस अडून बसले आणि शेवटी आरशावरची सूचना कायम ठेवण्याच्या अटीवर सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंटरला बोलावलं. आम्हाला वाटलं मशीन रंगवतात. संध्याकाळी येऊन बघतो तर वहिनींच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'दोपहर १२ से ४ – ऊपर की मंज़िल की ओर से'. रेवा तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. खुर्ची परत बाहेर आली आहे, आणि आता शेजारी एक रिकामी खुर्चीही असते. संध्याकाळी वर्गातून आल्यावर पाय दुखतात, म्हणून त्या खुर्चीवर मी दहा मिनिटं टेकते, तेवढेच नमस्कार माझ्याही वाट्याला येतात.

आज महिनाभराचं रीडिंग घेतलं. कूलर-फ्रिज परत सुरू झाले आहेत, तेव्हा ते जवळजवळ एप्रिलइतकंच आहे. दीड महिना घाम गाळला, आरसा गेला, दूध गेलं, आणि बिल होतं तिथेच आहे. फरक इतकाच, की आता ते कशाचं आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि चारुता नळापुढे हात जोडत नाही.

कंबरेला जप. सूनबाईंनी हे पत्र वाचलं तर त्यांनाही नमस्कार.

तुझी,
शकू

ता. क. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. एका विषयात राहिले. विषय करार कायदा. वरचा करारनामा ग्राह्य धरावा की नाही हे बापूरावांनी अजून विचारलेलं नाही आणि मी सांगणार नाही. आदित्यला तर मुळीच कळवू नकोस. तो पुन्हा विचारेल, केस कोणावर?

ता. ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आमच्याकडे चौथी खाट रिकामी आहे, खिडकीजवळची. तुझं लग्न ठरलं म्हणून बीएचं पहिलं वर्ष अर्धं सोडून तू गेलीस, तेव्हा मी शाळेत होते. रात्रभर रडलीस आणि सकाळी मला म्हणालीस, पोटात दुखत होतं. मी काही विसरलेले नाही. इथल्या कॉलेजात बीएचे प्रवेश चालू आहेत, वयाची अट नाही, मी दोनदा विचारून आले. तुझा अर्ज भरून ठेवला आहे, फोटो पियुषच्या लग्नातला कापून लावला आहे. इंटरची, म्हणजे आताच्या बारावीची, गुणपत्रिका तुझ्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, ती घेऊन वीस तारखेच्या आत निघ. अर्जावर फक्त सही बाकी आहे. तुझी सही मला हुबेहूब येते, शाळेत प्रगतिपुस्तकावर किती वेळा केली आहे. पण आता कायदा शिकते आहे, तेव्हा तू स्वतःच ये.